हॅरोला दोन खेळाडू कमी होते

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निट नावाचं उपनगर आहे. माझी ताई तिथे राहते. शनिवारी सकाळी तिथल्या कुठल्याही मैदानावर जा, सोळा वर्षांखालच्या पोरांच्या स्कोअरबुकात पंजाबी, तेलुगू, मराठी, सिंहली, अफगाण नावांची रांग दिसेल आणि मधूनच एखादं इंग्रजी नाव. माझा भाचा तिथल्या एका क्लबचा ओपनर. दोन गल्ल्या सोडून राहणारा, मूळ काबूलचा एक मुलगा शेजारच्या क्लबचा लेगस्पिनर. त्याला सगळे ‘लेगी’च म्हणतात, मीही तेच म्हणतो.

जानेवारीत या दोघांचं मैदानावर वाजलं. लेगीच्या मते चेंडू बॅटची कड घेऊन गेला होता, भाच्याच्या मते पॅडला लागला होता. अंपायरने बोट वर केलं नाही. मग तोंडं सुटली. सामना संपल्यावर दोघंही हात मिळवायला गेले नाहीत आणि दोन्ही क्लबांनी आपापल्या पोराला एकेक सामना बाहेर बसवलं. शाळा सुरू झाली तर इतिहासाच्या बाईंनी प्रोजेक्टसाठी नेमकी या दोघांची जोडी लावली. बाईंना भांडण ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. विषय दिला होता, १८६८ साली इंग्लंडला गेलेला मूलनिवासी क्रिकेट संघ. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेला हा पहिलाच संघ. पहिली कसोटी त्यानंतर नऊ वर्षांनी, १८७७ मध्ये झाली.

विषयाचा उत्साह पोरांपेक्षा मलाच जास्त होता. २०२० पासून मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीच्या (२६ डिसेंबरला सुरू होते ती) मानकऱ्याला ‘मुलाग मेडल’ देतात. जॉनी मुलाग हा १८६८ च्या संघातला सगळ्यात भारी खेळाडू, आणि ते पदक म्हणजे त्या संघाच्या कमरपट्ट्याच्या बक्कलची प्रतिकृती. पहिलं पदक गेलं अजिंक्य रहाणेकडे. ॲडलेडला ३६ वर संघ गुंडाळला गेला, विराट घरी परतला, आणि मग रहाणेने कर्णधार म्हणून ११२ काढल्या, तो सामना. रहाणेचं गाव आश्वी खुर्द, आमच्या संगमनेर तालुक्यातलं. तो पदकाचा फोटो आमच्याकडे व्हॉट्सॲपवर किती फिरला! पण त्या पदकावरचं नाव कुणाचं, हे कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये लेबर डेचा लाँग वीकएंड येतो. मी तेव्हा ताईकडेच होतो. दाजी म्हणाले, “पोरं एकमेकांशी बोलत नाहीत, प्रोजेक्ट काय डोंबल करणार? चला मेहुणे, गाडी काढतो. जिथे हा संघ तयार झाला तिथेच घेऊन जाऊ दोघांना.” लेगीच्या वडिलांनी परवानगी दिली. ते ट्रक चालवतात, तो सगळा रस्ता त्यांच्या पायाखालचा.

शनिवार: टार्निट, मॉयस्टन, हॅमिल्टन

मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये किटबॅग ठेवलेली. ती भाच्याने ठेवली. लेगीने ती इंचभर त्याच्याकडे सरकवली. बॅलारॅट येईपर्यंत हे असंच चाललं होतं.

रमझान चालू होता. लेगीच्या आईने डब्यात बोलानी भरून दिल्या होत्या (बटाटा आणि पातीचं सारण भरलेली चपटी पोळी) आणि खजुराचा डबा. ताईने माझ्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं दिलं होतं. प्रवासात रोजा सोडला तरी चालतो, नंतर भरून काढता येतो, असं लेगीच्या वडिलांनी निघतानाच सांगितलं होतं. तो ठेवणार की नाही हे तोवर ठरलंही नव्हतं. पण भाच्याने बीफोर्टच्या जवळ तोंड उघडलं ते नेमकं “मग दिवसभर पाणीपण नाही? झेपणार तुला?” असं विचारायला. त्या क्षणी रोजा पक्का झाला.

अरारातहून आत वळलं की मॉयस्टन. गाव म्हणजे चार घरं, एक दुकान, वाळलेलं पिवळं गवत आणि पश्चिमेला गारिवर्डचे, म्हणजे नकाशावर ज्यांना ग्रॅम्पियन्स म्हणतात त्यांचे डोंगर. टॉम विल्सचं स्मारक इथे आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या जनकांपैकी एक म्हणून लोक त्याला ओळखतात, पण आमचं काम त्याच्या दुसऱ्या बाजूशी होतं.

विल्सच्या बापाची लेक्सिंग्टन नावाची मेंढ्यांची जहागीर इथेच होती. १८४० च्या दशकात गोऱ्यांची घरं इतकी विरळ होती की टॉमचे सवंगडी म्हणजे इथल्या जाब वुरुंग लोकांची मुलं. त्यांची भाषा तो बोलायचा, त्यांची गाणी म्हणायचा. चौदाव्या वर्षी बापाने त्याला इंग्लंडला रग्बीच्या शाळेत धाडलं. तिथे तो शाळेच्या क्रिकेट संघाचा कर्णधार झाला आणि १८५६ मध्ये परत आला. पुढे बापाने क्वीन्सलंडमध्ये नवी जमीन घेतली, आणि १७ ऑक्टोबर १८६१ ला तिथल्या मूलनिवासींनी छावणीवर हल्ला करून बापासह १९ जणांना मारलं. टॉम सामान आणायला गेला होता म्हणून वाचला. त्यानंतर गोऱ्यांनी जो सूड घेतला त्यात त्याच्या कितीतरी पट माणसं गेली, आणि त्यांची नावं कुठे दगडावर कोरलेली नाहीत.

हाच टॉम विल्स पाच वर्षांनी, १८६६ च्या अखेरीस, इथून पश्चिमेला जाऊन मूलनिवासी पोरांच्या संघाला क्रिकेट शिकवायला बसला.

हे ऐकल्यावर मागून लेगी म्हणाला, “का पण?” तो माझ्याशी हिंदीत बोलतो, सिनेमे बघून शिकलेल्या. मी म्हटलं, पैसे मिळत होते, क्रिकेटशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि कदाचित त्यांची भाषा बोलायला मिळत असेल. भाचा म्हणाला, “माझ्या बाबांना कोणी मारलं असतं तर मी नसतो गेलो.” लेगी काही बोलला नाही. काबूल सोडताना त्यांच्या घरात काय झालं ते दाजींना थोडंसं माहीत आहे, मी विचारलं नाही. स्मारकापाशी दोघांनी वेगवेगळे फोटो काढले. प्रोजेक्ट एक, फोटो दोन.

हॅमिल्टनला पोचेतो संध्याकाळ झाली. हे गाव एके काळी स्वतःला लोकरीची राजधानी म्हणवायचं. आम्हाला त्यातलं मोटेलची एक खोली आणि सुपरमार्केट एवढंच दिसलं. आठच्या सुमारास सूर्य मावळला, लेगीने खजूर तोंडात टाकला आणि बोलानीचा डबा आधी माझ्यापुढे, मग दाजींपुढे धरला. तिसऱ्यांदा तो डबा हातात धरून थोडा थांबला. भाच्याने स्वतःच हात पुढे करून घेतली. “बरी आहे,” म्हणाला. चार खाल्ल्या.

रविवार: हॅरो

पहाटे पाच वाजता मायक्रोवेव्हच्या आवाजाने जाग आली. लेगी सहरीसाठी उठला होता आणि रात्रीची उरलेली अर्धी बोलानी गरम करत होता. बाकीच्या कुणी संपवल्या ते सांगायला नको. मी उठून ताईच्या दशम्यांची पुरचुंडी सोडली. दशमीवर चटणी, वर तेल. त्याने तीन खाल्ल्या आणि लोणच्याची फोड चोखत विचारलं, “मामा, ये रोज खाते हो?” भाचा डोक्यावर पांघरूण घेऊन झोपेचं सोंग करत पडला होता.

हॅमिल्टनहून कॅव्हेंडिश, बॅलमोरल करत हॅरोला दीडेक तास लागतो. हा रस्ता मला फार आवडला. दोन्ही बाजूंना रेड गमची अवाढव्य झाडं, खाली मातकट मेंढ्या, आणि मैलोन् मैल माणूस नाही. माश्या मात्र सगळ्या देशाच्या इथे जमलेल्या. काच उघडली की नाकातच.

हॅरो ग्लेनेल्ग नदीच्या काठी आहे. एक उतरता रस्ता, त्यावर जुना पब, लाकडी ओंडक्यांची १८६० च्या दशकातली कोठडी, आणि जॉनी मुलागच्या नावाचं संग्रहालय. आमच्याकडची मोठी वाडीसुद्धा याहून भरलेली असते.

मुलागचं खरं नाव उनारिमिन. जर्दवाजाली नावाच्या मूलनिवासी लोकांपैकी. १८४१ च्या आसपास हॅरोच्या उत्तरेला मुलाग नावाच्या मेंढ्यांच्या स्टेशनवर (तिकडे जहागिरीला स्टेशन म्हणतात) जन्मला म्हणून गोऱ्यांनी स्टेशनचंच नाव त्याला चिकटवलं. बाकीच्यांची तर याहून वाईट तऱ्हा: बुलॉकी, टायगर, मॉस्किटो, टूपेनी, सनडाउन, डिक-ए-डिक. ही नावं संघाच्या यादीत आहेत, स्कोअरबुकात आहेत, आता स्मारकांवरही आहेत. पाइन हिल्स स्टेशनवर घोडे सांभाळता सांभाळता मुलाग क्रिकेट शिकला. १८६० च्या दशकात या भागात गोऱ्या जमीनदारांची तरुण पोरं आणि त्यांच्याकडे लोकर कातरणारी, घोडे राखणारी मूलनिवासी पोरं एकमेकांविरुद्ध सामने खेळायची. कातरणीचा हंगाम संपला की वेळच वेळ, आणि अकरा माणसं जमवायची तर भेदभाव करून भागणार कसं! ईडनहोपजवळचा विल्यम हेमन आणि त्याच्यासारखे एकदोघे तरुण जमीनदार यांना दिसलं की आपल्या समोर खेळणारी ही पोरं आपल्यापेक्षा चांगली आहेत. त्यातून संघ उभा राहिला.

संग्रहालयातल्या बाई फार बोलक्या. पोरांच्या प्रोजेक्टचं ऐकून खूश झाल्या, आणि किटबॅग गाडीत आहे हे कळल्यावर त्याहून. दुपारी शेजारच्या गावाशी मैत्रीचा सामना होता, पंचवीस षटकांचा. गावाचा यष्टिरक्षक मेंढ्यांच्या कामाला अडकला होता, एकजण मेलबर्नला गेलेला. नऊ जणच होते. बाईंनी आमच्यासमोरच फोन लावला. “दोन मिळाले,” त्या म्हणाल्या. पोरांना कुणी विचारलंच नाही.

मैदानाचं नावही जॉनी मुलाग. कडेला त्याचा दगडी स्तंभ. मधली खेळपट्टी काँक्रीटवर अंथरलेल्या हिरव्या सिंथेटिकची, आउटफील्ड भाजलेलं, आणि झाडांवर पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा, जो प्रत्येक अपिलाला उडायचा. कर्णधार लोकर कातरणीचा कंत्राटदार, पन्नाशीचा, मनगटं माझ्या दंडाएवढी. त्याने विचारलं, कीपिंग कोणाला येतं? भाच्याने हात वर केला. बोलिंग? लेगीने. “मग झालं तर,” कर्णधार म्हणाला, आणि विषय संपला.

आमची, म्हणजे हॅरोची, फील्डिंग आधी. आठव्या षटकात लेगीच्या हाती चेंडू आला. भाचा स्टंपजवळ. पहिला लेगब्रेक बरा पडला. दुसराही. तिसरी गुगली (दिसते लेगब्रेकसारखी, वळते उलटी), फलंदाज फसला, चेंडू लेगला आत वळला आणि भाच्याच्या डाव्या मांडीवर आपटून बाउंड्रीपार. चार बाय. लेगीने कमरेवर हात ठेवले. पुढच्या षटकात पुन्हा तेच, पुन्हा चार. हे सगळं मैदानाला दिसत होतं: गोलंदाज गुगली टाकतोय आणि स्वतःचा यष्टिरक्षकच तिला फसतोय. कर्णधार मिडऑफवरून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी तो ओरडला, इथे छापण्यासारखं नाही, पण मतलब असा की तुम्ही दोघं आधी बोलून घ्या.

दोघं खेळपट्टीच्या मध्यावर आले. मी सीमारेषेवर होतो, ऐकू काही आलं नाही. लेगीने एकदा टोपीच्या शेंड्याला हात लावून दाखवला. भाच्याने मान हलवली. त्यानंतर टोपीला हात लागला की भाचा आधीच डावीकडे सरकून उभा. एकदा गुगलीवर फलंदाज पुढे गेला, भाच्याने चेंडू लेगसाइडला, पायामागून, कसा उचलला ते त्यालाच ठाऊक, आणि बेल्स उडाल्या. काकाकुवे उडाले. लेगी धावत गेला आणि मिठी मारायच्या ऐवजी ऐनवेळी त्याच्या ग्लव्ह्जवर मूठ आपटून परतला. जानेवारीतलं सगळं एका स्टंपिंगने कसं जाणार?

पाण्याच्या ब्रेकला थंड पाण्याचा मोठा हंडाच आला. मार्चचं ऊन, चौतीस तरी असेल. लेगी थोडं लांब, झाडाखाली जाऊन बसला. बाकी सगळे पीत होते. भाच्याने बाटली भरून घेतली, साइटस्क्रीनच्या मागे गेला, तिथे प्यायला आणि तोंड पुसत आला. दाजींनी मला कोपरखळी मारली. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

सामना हॅरोने जिंकला. भाच्याने ओपनिंगला जाऊन तीसेक केल्या. लेगी अकराव्या नंबरला पॅड बांधून बसला, बॅटिंगची पाळीच आली नाही. तिकडच्या रिवाजाप्रमाणे नंतर बायकांनी चहाचं टेबल लावलं. लॅमिंग्टन, सँडविच, सॉसेज. टेबल एकच, दोन्ही संघ त्याच्याभोवती. लेगी स्टंप आणि शंकू गोळा करत मैदानातच रेंगाळला.

संध्याकाळी पबमध्ये अंपायर भेटले. म्हातारे, तीन पिढ्यांपासून इथलेच. मुलाग हॅरोच्या क्लबकडून वीसेक वर्षं खेळला, त्यांनी सांगितलं. इंग्लंडहून आल्यावरही इथेच राहिला. १८६९ मध्ये व्हिक्टोरियाने कायदा करून मूलनिवासींनी कुठे राहायचं, कुठे काम करायचं हे ठरवायचा अधिकार सरकारी मंडळाला दिला, तरी हा राखीव वस्तीत गेला नाही. १८७९ मध्ये लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध व्हिक्टोरियाकडून खेळला आणि दुसऱ्या डावात ३६ काढून संघात सर्वाधिक धावा त्याच्याच होत्या. मग पुन्हा मेंढ्या कातरणं आणि ससे पकडणं. १८९१ च्या ऑगस्टमध्ये पाइन हिल्सजवळ आपल्या झोपडीवजा तळावर एकटाच मरून पडलेला सापडला. अख्खा क्लब त्याच्या अंत्ययात्रेला होता.

“पण,” म्हाताऱ्याने ग्लास बाजूला सरकवला, “ॲप्सलीची गोष्ट लिहा तुमच्या प्रोजेक्टात.” ॲप्सली इथून तासाभरावर. सामन्याला गेले असताना जेवणाच्या वेळी कुणीतरी विचारलं, याला कुठे ठेवायचं? कर्णधार म्हणाला, त्या काळ्याला काहीही चालेल. तबेल्याला लागून खोली दिली. मुलागने ते ऐकलं होतं. तो त्या खोलीत झोपला नाही, रात्रभर उघड्यावर राहिला. इंग्लंडात यॉर्कलाही तेच. जेवणाच्या तंबूत मूलनिवासी खेळाडूंना घेतलं नाही, तर मुलाग पुढे मैदानात उतरायलाच तयार होईना.

मराठी माणसाला इथे पालवणकर बाळू आठवणार नाहीत तर कोण आठवणार! दलित घरातले गोलंदाज. पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळायचे, गोऱ्यांच्या विकेटी काढून द्यायचे, आणि चहाच्या सुट्टीत त्यांना चहा मिळायचा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. बाकीचे आत, चिनी मातीच्या कपात. १९११ मध्ये पारशी, हिंदू, मुसलमान असे एरवी एकमेकांशी भिडणारे खेळाडू एक संघ करून इंग्लंडला गेले, तेव्हा दौऱ्यात ११४ विकेट काढल्या त्या याच बाळूंनी. मी हे हिंदीत लेगीला सांगितलं, दाजींनी इंग्रजीत म्हाताऱ्याला. म्हाताऱ्याने नाव दोनदा विचारून घेतलं. माझं मत विचाराल तर संघात घेणं ही सोपी गोष्ट आहे. गरज पडली की कुणालाही घेतात. पंगतीला कोण बसतं ते बघावं.

पबचं स्वयंपाकघर आठला बंद व्हायचं आणि सूर्यही आठच्या आसपासच मावळणार. काउंटरवरच्या बाईंना लेगीने चाचरत सांगितलं: मटण-चिकन नको, मासा चालेल, पण पीठ बिअरमधलं असेल तर तेही नको. बाई म्हणाल्या, तव्यावर करून ठेवते, तुला हवं तेव्हा घे. संघातले निम्मे साडेसहालाच जेवून मोकळे झाले. दिवसभर राबलेली माणसं, त्यांनी का थांबावं? भाच्यापुढे मेनू आला तर म्हणाला, मला एवढ्यात भूक नाही. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, तीस धावा, पंचवीस षटकं कीपिंग. कर्णधारही थांबला होता, पण त्याच्या हातात बिअर होती, म्हणजे तो एरवीही थांबला असता.

आठला खजूर फुटले. लेगीने पहिला भाच्याला दिला.

“कड लागली होती ना?” त्याने विचारलं.

“नाही लागली,” भाचा म्हणाला आणि खजूर खाल्ला.

सोमवार: ईडनहोप, नाटिमक, परत

सकाळी निघताना स्मशानभूमीत मुलागच्या कबरीशी थांबलो. पोरांनी तिथे एकच फोटो काढला, लेगीच्या फोनवर.

हॅरोहून ईडनहोप पाऊण तासही नाही. वॉलेस नावाचं तळं गावाला लागूनच, पाणी बरंच खाली गेलेलं. याच्या काठी टॉम विल्सने संघाला सराव दिला. तिथे १९५१ मध्ये उभारलेलं दगडी स्मारक आहे. १८६६ च्या बॉक्सिंग डेला हा संघ मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर उतरला, आठ-दहा हजार लोक बघायला आले. सामना हरले, पण नाव झालं. मग एका ठगाने इंग्लंडला नेतो सांगून सिडनीपर्यंत नेलं, त्याचे चेक वटले नाहीत, आणि त्या फसलेल्या वाऱ्यांत आणि नंतर चार खेळाडू दगावले. दुसऱ्या खेपेला इंग्लंडच्या सरे संघाकडून खेळलेला चार्ल्स लॉरेन्स कर्णधार झाला. मूलनिवासींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाचा विरोध होता, म्हणून मासेमारीच्या सहलीला चाललोय असं भासवून क्वीन्सक्लिफला सिडनीचं जहाज पकडलं. सिडनीहून ८ फेब्रुवारी १८६८ ला ‘पॅरामाटा’ जहाज निघालं, मेमध्ये इंग्लंडला पोचलं.

पुढचे आकडे लेगीने स्लाइडसाठी पाठच केले होते, गाडीत त्याने ते घडाघडा म्हटले. ४७ सामने, १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित. मुलाग: १६९८ धावा, २४५ विकेट. लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध ७५. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची टोपी, म्हणजे प्रेक्षकांना कोण कोणता ते कळावं. खेळ संपला की बूमरँग फेकून दाखवायचं, आणि डिक-ए-डिकने ढाल घेऊन उभं राहायचं. प्रेक्षकांनी त्याला चेंडू मारायचे, त्याने ते चुकवायचे. “हे सर्कससारखं आहे,” भाचा म्हणाला. लेगी म्हणाला, “पैसे त्याचेच मिळत असतील.” यावर दोघांचं दहा मिनिटं वाजलं, पण ते प्रोजेक्टातलं वाजणं होतं. जूनमध्ये संघातला किंग कोल लंडनमध्ये वारला, तिथेच पुरला. १८६८ नंतर १५० वर्षांनी, २०१८ मध्ये, मूलनिवासी पुरुष आणि महिला असे दोन संघ त्याच वाटेने इंग्लंडला जाऊन आले. त्यातल्या स्कॉट बोलंडने २०२१ च्या बॉक्सिंग डे कसोटीत ७ धावांत ६ विकेट काढून मुलाग मेडल घेतलं, हे भाच्याने जोडलं. महिला संघ हे ऐकून लेगी म्हणाला, आमच्या बायकांचा संघ तर इथेच राहतो, देशात खेळता येत नाही म्हणून. २०२५ च्या जानेवारीत मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर त्यांचा सामना झाला, तेव्हा तो बहिणीला घेऊन गेला होता.

“मला नाही सांगितलंस,” भाचा म्हणाला. तेव्हा तर त्यांची ओळखही नव्हती.

नाटिमकच्या बाजूला गाडी थांबवली ती डिक-ए-डिकसाठीच. १८६४ च्या ऑगस्टमध्ये या रानात डफ कुटुंबाची तीन लहान मुलं हरवली होती. गोरे शोधून थकले, मग मूलनिवासी माग काढणारे बोलावले, त्यात तो होता. नवव्या दिवशी मुलं जिवंत सापडली. इथल्या शाळांत ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या शिकवली, ती धाकट्या भावावर स्वतःचा झगा पांघरणाऱ्या सात वर्षांच्या जेनची म्हणून. माग काढणाऱ्याचं नाव शेवटी कुठेतरी.

हॉर्शमपुढे हायवे लागला. किटबॅग आता डिकीत होती. लेगी किंग्सटाउनच्या गप्पा करत होता, २०२४ च्या वर्ल्डकपात अफगाणिस्तानने ऑस्ट्रेलियाला कसं लोळवलं. भाच्याने वानखेडेवरचं मॅक्सवेलचं द्विशतक काढलं, मग लेगी गप्प. आणि त्या तोऱ्यात भाचा बोलून गेला, “तसंही तुझी गुगली मला आता कळते. टोपी न बघता. त्या वेळी तुझी शेवटची उडी आखूड पडते.”

गाडीत शांतता. लेगी खिडकीबाहेर बघत राहिला. दाजी मराठीत म्हणाले, “गाढवा, शनिवारी सेमीफायनल आहे तुमची. त्यांच्याशीच.”

शनिवारी मीही गेलो. लेगी सातव्या षटकात आला. चौथ्या चेंडूला त्याची शेवटची उडी आखूड पडली, मला सीमारेषेवरूनसुद्धा दिसली. भाचा गुगली समजून मिडविकेटवरून मारायला नाचत पुढे गेला. चेंडू लेगब्रेक निघाला. बेल्स उडाल्या तेव्हा तो क्रीजच्या दीड हात बाहेर होता. धावा आठ. सामना लेगीच्या क्लबने जिंकला. या खेपेला दोघांनी हात मिळवले, कारण त्याच संध्याकाळी ताईच्या डायनिंग टेबलवर बसून सहा स्लाइड करायच्या होत्या, आणि ॲप्सलीची गोष्ट कोणी लिहायची यावरून ते अजून भांडतायत. प्रोजेक्ट बुधवारी जमा करायचाय.